शिवेबाहेरची अठरा वर्षं

प्रिय बन्सी,

तुला हे माझं पहिलंच पत्र. तू फाट्यावर, मी गावात, मधे तीन किलोमीटर दोनशे मीटर. एवढ्या अंतरासाठी कोण पत्र लिहितं? तोंडानंच बोलत आलो. आता ती सोय राहिली नाही.

आज गावात व्रत बसलं. नाथाच्या यात्रेला एक महिना राहिला. आजपासून कुणाच्या घरी कढई चढणार नाही, कुणी बाजेवर निजणार नाही, गडीमाणसं दाढी करणार नाहीत. सकाळी तुझ्या आईनं बोलावून घेतलं. तिला आता दिसत नाही, तरी माझी चप्पल उंबऱ्याशी वाजली तशी म्हणाली, "अंकुशा, ये. बस हितं."

यात्रेच्या दिवशी नाथाची काठी उभी राहिली की काठीचा मान असलेल्या घरातल्या गेलेल्या माणसांची नावं पुकारतात, ते तुला मी काय सांगायचं. यंदा तुझं नाव घ्यायला पंच तयार नाहीत. बापाच्या हातून काठी पडली आणि पोरगा पळून गेला, अठरा वर्षं देवाच्या पाया पडायला आला नाही, त्याचं नाव कशाला, असं म्हणतात.

"तू नाथाफुडं हुबा राह्य," तुझी आई म्हणाली. "गावाला सांग, माजा बन्सी पळाला नव्हता. बापाचं पाप डोक्यावर घेतलं त्यानं. शिवेच्या आत पाय ठिवणार न्हाई म्हणून नाथाला बोलला, अन् मरस्तवर बोल पाळला. तू मोजणीवाला हायेस. तू सांगितलं तर कोण न्हाई म्हणंल?"

कपाळाला नाथाचा अंगारा लावून सांगायचं. आणि बन्सी, ते खरं नाही. हे तुला माहीत होतं आणि मला माहीत आहे. तिसऱ्या कुणालाही नाही.

"बघतो मावशी," म्हणून मी उठलो. सकाळपासून जेवण गेलेलं नाही. म्हणून तुझ्याशी बोलायला बसलो.

मी कसा आहे ते तू ओळखून होतास. नववी नापास माणूस. तालुक्याच्या मोजणीवाल्यामागं साखळी ओढत फिरलो, तो जेवायला बसला की त्याचे नकाशे उलगडून बघत बसलो. कुणी शिकवलं नाही. आज आष्टी तालुक्यात बांधाचं भांडण लागलं की आधी मला बोलावतात. सरकारी माणसाच्या मोजणीत दीड फुटाची चूक मी काढून दाखवली होती, तेव्हा तू टपरीवर बसून सगळ्यांना सांगत होतास, "हा इंचपट्टी हाय. याची बायकू भाकर थापती ना, ती बी हा मोजून खातो." लोक हसायचे. मी पण हसायचो, पण मला बरं वाटायचं. माझी चूक निघत नाही, याचा मला किती माज होता.

काठी पडली त्या वर्षीच्या व्रताचं आपण अठरा वर्षांत तीनदाच बोललो असू. तुझ्या विहिरीवरची मोटारीची खोली, दुपारची वेळ, बाहेर ऊन. मी बांध मोजायला आलो होतो आणि तू पाणी दिलंस. आधीही आपण तिथं भेटलो होतो, पण तेव्हा व्रत नव्हतं. तू काठीच्या घरातला. तुझ्यासाठी तो महिना जमिनीवर निजायचा, एकट्यानं निजायचा. "आज नको," तू म्हणालास. मग तूच दार लोटलंस. मी तुला दोष देत नाही. मीही उठून जाऊ शकलो असतो.

बावीस दिवसांनी यात्रा होती. तुझ्या वडलांनी, दादांनी, काठी खांद्यावर घेतली, देवळाच्या तिसऱ्या पायरीवर त्यांचा पाय मुडपला आणि काठी जमिनीला टेकली. तोवर ती कधी टेकली नव्हती. दादांच्या कमरेचं हाड मोडलं. सगळं गाव ओरडत होतं आणि तू गर्दीतून माझ्याकडं बघत होतास. ते बघणं मला अजून जात नाही. पायरीवर तेल सांडलेलं होतं, मी स्वतः हात लावून बघितलं. तुला सांगितलं पण. तू म्हणालास, "तेल कुणी सांडलं, कावून सांडलं, ते तुला कळतंय का?"

चार दिवसांनी नळीच्या पुलापुढं शिवेचा दगड आहे, तिथली माती हातात घेऊन तू नाथाला बोललास. पुन्हा या शिवेच्या आत पाय ठेवणार नाही. आईला सांगितलंस, काठी पडली त्याचं प्रायश्चित्त. खरं काय ते मला एकट्याला सांगितलंस. आणि दगडाच्या पलीकडं, फाट्यावर, पंक्चरची टपरी टाकलीस.

मी तुला किती समजावलं. चल, नगरला जाऊ, कुठंही जाऊ, मोजणी काय कुठंही करता येते. तू म्हणालास, "हितनं देवळाचा झेंडा दिसतो. नगरातून काय दिसंल?" मला राग आला होता तेव्हा. मी पण त्या खोलीत होतो की. मग मला नाथानं काहीच का केलं नाही? असं विचारलं, तर तू हातातली ट्यूब पाण्यात दाबत म्हणालास, "तू आत हायेस अन् मी भाईर. हीच तुजी शिक्षा हाय की बे."

मग मी दर रविवारी यायला लागलो. आणि तू विचारायचास. आमच्या दारचा लिंब फुटला का? आडाची फरशी कुठल्या बाजूनं खचली? पाटलाच्या बोळात नळ आला म्हणतात, तर मग पाण्याला बाया आता कुठं थांबतात? दुसऱ्याला कंटाळा आला असता. मी आदल्या दिवशी जाऊन बघून यायचो, पावलं मोजून यायचो. एकदा तुला सगळं गाव कागदावर काढून दिलं, घरासकट, चुलीसकट, मापात. तू त्याच्यावर बोट ठेवून फाट्यावरून निघायचास, वेशीतून, देवळावरून, घरापर्यंत. उंबऱ्यापाशी बोट थांबायचं. आत जायचं नाही. कागदावरसुद्धा नाही.

आमच्या घरचीनं कधी काही विचारलं नाही. रविवारी जेवण झालं की टोपी हातात द्यायची, म्हणायची, "जावा, तुमचं माणूस वाट बघत असंल." तिला किती कळत होतं, कुणास ठाऊक. मी तिच्याशीही सरळ वागलो नाही, हे तुला कधी बोलून दाखवलं नाही. आज लिहून ठेवतो.

आता ते सांगतो, जे मला सांगवत नाही.

गेल्या साली रस्ता रुंद करायची मोजणी निघाली. साहेबांना जुना गावनकाशा उलगडत नव्हता, म्हणून मला बोलावलं. मी नकाशा जमिनीवर मांडला आणि माझे हात थांबले. शीव दगडावरून जातच नव्हती. ती जुन्या ओढ्यावरून जात होती, फाट्याच्याही पलीकडून. डांबरी रस्ता करताना कामावरच्या लोकांनी शिवेचा दगड उपटला असणार आणि काम उरकल्यावर सोयीच्या जागी पुरला असणार. तीन वेळा मोजलं. तुझी टपरी शिवेच्या एकशे बारा मीटर आत होती.

तुला काय सांगू, त्या दिवशी गाडी कशी हाणली मी. मला वाटलं, तुला सोडवून आणतोय. तू चाक खोलत होतास. मी नकाशा तुझ्यापुढं पसरला. म्हणालो, "बन्सी, ऊठ, घरी चल. तू आतच होतास. पहिल्या दिवसापासून आत. शपथ कधीचीच मोडली, आणि काही झालं नाही."

तू हातातलं चाक खाली ठेवलंस. मग म्हणालास, "काई झालं न्हाई?"

आणि बोटांवर मोजायला लागलास. दादा दोन वर्षांत गेले. भावाचा तीन वर्षांचा पम्या तापानं गेला. आईचे डोळे गेले. "मी म्हनत हुतो, मी तर भाईर हाय, मग नाथ कावून कोपलाय," तू म्हणालास. "आता कळलं. मी आतच बसलो हुतो त्येच्या. दांडगाई करून."

मी वाद घातला. ताप काय, मोतीबिंदू काय, सगळं समजावलं. तुझ्या कानात काही शिरत नव्हतं. मग तू माझा हात धरलास. भर रस्त्यावर, दिवसाउजेडी, आयुष्यात पहिल्यांदा. म्हणालास, "अंकुश, नकाशा जुना हाय. चुकीचा असंल. एकदा म्हन ना, चुकीचा असंल म्हनून."

मी एवढंच म्हणायला हवं होतं. असेल बाबा, चुकीचा असेल. चार शब्द.

मी म्हणालो, "मी तीनदा मोजलंय. माझी मोजणी चुकत नाही."

तू हात सोडलास. रविवारी आलो तर टपरीला कुलूप होतं. ऊसतोडीच्या टोळीबरोबर कर्नाटकात गेलास, म्हणाले. पन्नाशीला आलेला माणूस, ज्यानं कधी कोयता धरला नाही. मुकादमाला म्हणे तू एकच विचारलंस, सगळ्यात लांबचा कारखाना कुठला? माझा फोन तू उचलला नाहीस. एकदाच उचललास. मी काही बोलायच्या आत विचारलंस, "आईला बरं हाय का? लिंब फुटला का?" फुटला म्हणालो. "बरं," म्हणालास, आणि ठेवलास.

सतरा दिवसांनी मुकादमाचा फोन आला. उसाच्या फडातून आलास, पाचटाच्या कोपीत आडवा झालास, उठला नाहीस. तिथंच उरकलं त्यांनी. तुझा भाऊ पोहोचला तेव्हा राख पण सावडून झाली होती. तीन किलोमीटरवर तू अठरा वर्षं जिवंत होतास, रे. माझ्या एकशे बारा मीटरनं तुला चारशे किलोमीटरवर नेऊन मारलं.

तू गेल्यापासून मी एकाच गोष्टीवर दिवस काढत होतो. निदान तू अठरा वर्षं घरी होतास. तुला ठाऊक नव्हतं, पण गावच्या मातीत निजत होतास, गावच्या हद्दीत जेवत होतास. नकाशा उघडून त्या जागेवर बोट ठेवायचो आणि म्हणायचो, हा बघा, आत आहे. माझ्याजवळ तुझं तेवढंच उरलंय.

आणि आता तुझी आई नकळत म्हणते, ते पुसून टाक. गावासमोर सांग की तो बाहेर होता, बाहेरच मेला. सकाळी मी म्हणालो, "मावशी, मीच कशाला? भाऊ आहे, पंच आहेत." तर तिनं माझा चेहरा चाचपून बघितला. म्हणाली, "तुज्याबिगर त्याचं कोण हुतं?"

मी नाथाला मानत नाही, हे तू जाणतोस. तरी व्रताच्या महिन्यात अंगारा लावून खोटं बोलायला मन धजत नाही. तुला त्या दुपारनंतर काय वाटलं असेल ते आज थोडं कळतंय. इतक्या उशिरा.

पण तुला काय हवं होतं, तेच शेवटी महत्त्वाचं. तुला घर हवं होतं. पण त्याहून जास्त तुला शब्द पाळलेला हवा होता. मी खरं बोललो तर तुझं नाव गावात कधीच घेतलं जाणार नाही. खोटं बोललो तर वर्षातून एकदा देवळापुढं मोठ्यानं पुकारतील, आणि ते तुमच्या आळीपर्यंत ऐकू जातं.

नकाशा चुकीचा आहे, बन्सी. जुना आहे, मोजताना माझी चूक झाली. फाटा शिवेच्या बाहेर येतो. तू एक पाऊलसुद्धा आत टाकलं नाहीस.

यात्रेच्या दिवशी मी नाथासमोर उभा राहून हेच सांगीन. कुणी नकाशा आणून दाखवला तरी हेच सांगीन, आणि मरेपर्यंत बदलणार नाही. हा माझा तुला शब्द.

तुझा,
अंकुश