करंड्यातल्या गोळ्या

५ ऑक्टोबर १९५३, सोम.
नववा सोमवार. दिवसभर नुसतं पाणी, तरी शाळेत चार तास शिकवलं, वर बी. ए.च्या अभ्यासाची वही काढली. थकवा म्हणून नाही! शाळेतल्या लिमयेबाई वजन उतरायला गोळ्या घेतात, त्यांची कृपा. माझ्या करंड्यात, कुंकवाच्या खालच्या कप्प्यात ठेवल्यात. यापुढे नुसतं गो. लिहायचं, कुणी वाचलंच तर. आज गो. २.
सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "मूल व्हावं म्हणून व्रत मी सुचवलं, पण नेम बघा हिचा! उपास सोडतानाही चारच घास." अगं बाई, भूकच नाही तर नेम कसला! गप्प बसले. कौतुक गोड लागतं मेलं.

२ नोव्हें., सोम.
गो. ४. तोंडाला कोरड. गाल आतून चावून सोलवटलाय. रांगोळीची रेघ सरळ येईना. सासूबाई म्हणतात, "तेज आलंय हो चेहऱ्यावर." आरशात पाहिलं नि दचकलेच. डोळे तेवढे राहिलेत.

१७ नोव्हें.
दोन महिने कावळा शिवला नाही. सासूबाईंनी दिवस मोजलेत. बोलत नाहीत, पण बादली उचलू देत नाहीत. काल ह्यांनी ऑफिसातून येताना खारीक आणली, हेही बोलले नाहीत.
खरंच असेल? आणि मी पोटात हे असलं घालतेय? आज एकही घ्यायची नाही, ठरलं. दुपारी फळ्यापुढे उभं राहवेना, डोळ्यांपुढे अंधारी. घेतल्या. तीन.

३० नोव्हें., सोम.
उद्यापन. चूर्म्याचे तीन वाटे, तिसरा माझा. घास तोंडात नुसता फिरतोय, सगळ्या बायका बघतायत. कसाबसा गिळला आणि मोरीकडे धावले, भडाभडा ओकले. मागून सासूबाई, "ओकाऱ्या लागल्या गं! महादेव पावला!"
छाती इतकी धडधडली की भिंत धरून खालीच बसले. आता मरते वाटलं. आणि बाहेर ओटीचे तांदूळ काढतायत. शी!

१ डिसें.
शाळेला दांडी. एकटीच कल्याणला, डॉक्टरीणबाईंकडे. तपासलं.
"दिवस नाहीत तुला. वाळवलंयस स्वतःला. काय घेतेस?"
करंडाच पुढे केला. बाईंनी गोळ्या तळहातावर घेऊन पाहिल्या. मग म्हणाल्या, "ही छाती किती दिवस साथ देईल तुला? आजपासून बंद. खूप झोप येईल, खा खा सुटेल, रडशील, नको ते मनात येईल. एकटी राहू नकोस. घरात कुणाला तरी सांग आणि परवा त्यांना घेऊन ये."
दिवस नाहीत. गाडीत हेच. ठाकुर्ली येईपर्यंत ठरलं की ह्यांना सांगायचं. हे आले, जेवले, झोपले. सांगितलं नाही.

२ डिसें.
सकाळी सासूबाई कुंची शिवत होत्या. चिमुकली, लाल काठाची. ते बघवेना. करंडा उघडून पुढे धरला, सांगून टाकलं सगळं.
सुई तशीच हातात. "म्हणजे मी बायकांना जिच्या पाया पडायला लावलं, ती..." उठल्या, करंडा माझ्या हातातून घेतला, मऊ भात टाकला.
"खा. उद्या मी येते कल्याणला."
खाल्ला. दुपारभर मेल्यासारखी झोपले. उठल्यावर हात आपोआप करंड्याच्या जागी गेला.
देवघरात वरच्या फळीवर ठेवलाय त्यांनी, समईच्या मागे. बघायचं नव्हतं मला. बघितलं.