अर्ध्या मिनिटाचं माप

तीर्थस्वरूप अक्का यांस,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात, तुमच्या बहिणीने मला खाटेवरून हलायला बंदी केली आहे.) तुमचे गुडघे कसे आहेत? साडूभाऊंचा खोकला बसला का? इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं काय ते मलाच नीट कळलेलं नाही, तेव्हा पहिल्यापासून सांगतो.

पंधरा दिवसांपूर्वी दुकानात एका वकिलाचा कोट बेतत असताना माझ्या छातीत धडधडलं. (कोट वाचला.) डॉक्टरांनी काडेपेटीएवढं एक यंत्र दिलं. त्यावर पत्र्याच्या दोन पट्ट्या; दोन्ही अंगठे त्यांवर अर्धा मिनिट टेकवायचे, की हृदयाच्या ठोक्यांचं चित्र फोनवर उमटतं. निदान एक तरी स्वच्छ चित्र पाठवा, तोवर दुकान बंद, असा हुकूम. चाळीस वर्षं मशीनवर बसलेल्या शिंप्याला दुकान बंद म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. गिऱ्हाइकं कुलूप बघून परत जातात आणि मी घरात बसून पडद्यांच्या शिवणीतल्या चुका काढतो.

पण चित्र येईल तर शपथ! दर वेळी फोन म्हणे, 'अस्पष्ट. पुन्हा प्रयत्न करा.' मी चार दिवस पुन्हा प्रयत्न केला. सुई टोचून टोचून अंगठे चामड्यासारखे झालेत, हे तुमच्या बहिणीचं निदान. तिने ते कोमट पाण्यात बुडवून ठेवले. मग ते इतके ओले झाले की यंत्रच निसटून खाटेखाली गेलं. खालच्या मजल्यावरचा वायरमन म्हणाला, आसपास विजेच्या वस्तू चालू असल्या की गोंधळ होतो. पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, आणि त्याने उत्साहाच्या भरात मेन स्विचच पाडला. (अख्ख्या इमारतीचा. वरचे मास्तर मशीनने दाढी करत होते, ते अर्ध्या दाढीनिशी खाली आले.) तरी अस्पष्ट ते अस्पष्टच.

शेवटी तुमच्या बहिणीने टेबलाखाली वाकून पाहिलं. अक्का, माझे पाय चालत होते! हात पुढे टेकले की पाय आपोआप मशीन मारू लागतात आणि मला पत्ताच नाही. मग तिने मापाच्या टेपने माझे पाय खुर्चीला बांधले. पाय थांबले, तर मी मोठ्याने सेकंद मोजू लागलो. बोलायचंही नसतं म्हणे. ती वैतागली. "अहो, नुसतं गप्प बसायचं, यात कसली आलीय कारागिरी?" म्हणत तिने यंत्र ओढून घेतलं, करून दाखवलं आणि पाणी भरायला खाली गेली. आणि काय सांगू, त्याच दुपारी डॉक्टरांकडे एक स्वच्छ, स्पष्ट चित्र रवाना झालं!

काल संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. चित्र उत्तम, ठोके मात्र अनियमित; दोन दिवसांत येऊन मोठ्या मशीनवर तपासून घ्या. तेव्हापासून मी खाटेवर. ती मला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाही. नळ तळमजल्यावर, आम्ही तिसऱ्या. सगळ्या बादल्या तीच चढवते. (जिन्याच्या मधल्या वळणावर दर वेळी थांबते. तिथल्या शेजारणीशी बोलत असणार. तुमच्या घराण्यात बोलायला वेळ कमी पडत नाही.) मी आपला चित्राकडे बघत पडलोय. मला ती सगळी वाकडी टीपच दिसते. त्यातलं कुठलं वाकडं असायला हवं आणि कुठलं नको, देव जाणे.

साडूभाऊंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक (आणि पाय बांधलेला),
शिंपी

ता. क. साडूभाऊंची विजार तयार आहे. कंबर दोन इंच वाढवली आहे, त्यांना सांगू नका.

ता. क. २. चाळीस वर्षांत एकाच्या मापावर दुसऱ्याचा कोट बेतला नाही, तो त्या दुपारी बेतला. ते चित्र माझं नव्हतं. तिने करून दाखवलं तेव्हा उमटलं ते. दुकान उघडायच्या घाईत मी माझं म्हणून पाठवून दिलं. आज सकाळी ती नळावर असताना पाय बांधून, तोंड मिटून बसलो आणि माझं स्वतःचं आलं. मी ठणठणीत आहे, हे ते बघून डॉक्टरच म्हणाले. मग त्यांना खरं सांगितलं. ते मनसोक्त ओरडले आणि म्हणाले, घाबरू नका, पण बाईंना उद्या आणाच. तिला कसं सांगू? यंत्र बिघडलंय म्हणेल आणि बादली उचलेल. ती जगात फक्त तुमचं ऐकते. फोनवर हे बोलवणार नाही, म्हणून वायरमनच्या हाती पत्र देतोय. तो दुपारच्या गाडीने तुमच्याच बाजूला निघालाय. उद्या पहिल्या गाडीने या. मी फार घाबरलोय, अक्का.

ता. क. ३. वर मधल्या वळणावरच्या शेजारणीचं लिहिलं ना? आत्ता आठवलं, ते घर वर्षभर कुलूपबंद आहे. तिची पावलं पुन्हा तिथेच थांबली आहेत. बादली घ्यायला खाली चाललो.