शोभाच्या हिरव्या बांगड्या

मंगळवार, दिवेलागण

अपील उद्या द्यायचंय, अन् माझं ध्यान अजून शोभाच्या हिरव्या बांगड्यांतच.

हापिसात मी तिच्या आधीपासून शिपाई. पण नवा साहेब आला की ओवाळायला तिलाच हुबं करतेत. मी विधवा, म्हणून मला आत कपबश्या विसळायला धाडतेत. साहेबाला तोंड ठाऊक तिचं, मग बढती बी तिलाच. तक्रार केली, तर ‘भेदभाव दिसून येत नाही’ म्हणून फेटाळली.

दिसत नाय? दाखवते. आज गारखेड्याला तिच्या घरी गेले. म्हनलं, “शोभे, ओवाळतानाचे सगळे फोटो दे. अपिलाला लावायचेत.”

“माझ्यावर अपील व्हय, अक्का?”

“तुझ्यावर नाय गं, हापिसावर. तू नुसती नटून हुबी राहा, सवयच हाये तुला.”

खळखळून हसली. नऊ फोटो काढून दिले. वर म्हनते, “साक्षीला बी येते. तुम्हाला कधीच ताट धरू दिलं नाय, हे सांगते.”

मी हिच्यावर इतकी जळते, अन् ही माझ्यासाठी साक्ष देणार! राग तरी कुणावर काढू?

नऊच्या नऊ फोटोंत त्या हिरव्या बांगड्या. एकात मात्र तिचे डोळे मिटलेत, तोंड उघडं.

तोच सगळ्यात वर लावला.