दोन किलो ज्वारीचं दळण

तात्या, गिरणी अजून चालू आहे. हे आधी सांगतो, कारण तुम्ही गेलात तेव्हा मी बारामतीच्या कॉलेजात तासावर मराठी शिकवत होतो, आणि गिरणी ठेवायची की विकायची हे आपलं ठरलं नव्हतं. ती मी ठेवली. शिकवणं तीन वर्षांनी सुटलं, म्हणजे पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही एवढंच. गावात लोक मला अजून मास्तर म्हणतात. दगड दोनदा बदलले. मोटर नवी घेतली. तुमचं डिझेलचं इंजिन भंगारात दिलं आणि त्याच्या जागेवर लोकांना बसायला बाकडं टाकलं. त्या बाकड्यावर बसून आपल्या कळस गावातली माणसं पावसाबद्दल, उसाबद्दल आणि एकमेकांच्या सुनांबद्दल बोलतात. तुमच्या वेळी पोत्यांवर बसून बोलायची, तेच.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हाची एक सकाळ मला या दिवसांत सारखी आठवते. नाना खाली बसून दगडाला टाकी लावत आहेत. गुळगुळीत झालेल्या दगडावर छिन्नीनं पुन्हा खाचा पाडायचं ते काम आपल्याकडे त्यांच्याशिवाय कुणी केलं नाही. त्यांच्या भुवया दगडाच्या भुकटीनं पांढऱ्या झाल्या आहेत. दगड बसवला जातो, पट्टा चढतो. रांगेत पुढे एका बागायतदाराचं ज्वारीचं पोतं आहे आणि मागे एका म्हातारीचा छोटा डबा. ती कधीची बसलेली. मी तिचा डबा उचलतो आणि वरच्या पत्र्याच्या तोंडात ओततो. मला वाटतं, मी काहीतरी चांगलं करतो आहे. तुम्ही पीठ चाचपून बघता आणि तोंड फिरवता.

"कुणाचं टाकलंस?"

"आजीचं. ती सकाळपासून बसलीय."

"दगड आत्ता खाचा पाडून बसवलाय. मोकळा हाय. त्यो आधी आपलं पोट भरून घेतो. हिच्या दोन किलोतलं वंजळभर त्येच्यात गेलं. एका वक्ताची भाकर गेली हिची."

"मग काय करायचं होतं?"

"त्या पोत्याचं आधी टाकायचं. दगडाचं पोट त्येच्या ज्वारीनं भरू द्यायचं, मागनं हिचं. म्हंजी हिचं हिला समदं मिळतं, वर चिमूटभर जास्ती. पोतंवाल्याला कळत बी न्हाय."

"कळतं की," नाना खालून म्हणाले. "पर कुनी बोलत न्हाय. कालिजात शिकवत न्हाईत वाटतं ह्ये?"

सगळे हसले, बागायतदारही हसला. तुम्ही घरात गेलात, आपल्या डब्यातलं ओंजळभर पीठ आणून म्हातारीच्या डब्यात टाकलंत आणि तिला म्हणालात, कापडात राहिलं होतं. त्या दिवसापासून मी तुमच्या नियमानं दळतो. मोठं आधी, लहान त्याच्या मागे, आणि दोन्हींचं धान्य एकच. रांगेत कोण कधी आलं हे मी बघत नाही, डबे बघतो. वीस वर्षांत कुणी तक्रार केली नाही.

या उन्हाळ्यात सीमेवर गोळीबार सुरू झाला. सीमा इथून किती लांब आहे हे तुम्हाला माहीत आहे, पण आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे, आणि फोनमध्ये ती उंबऱ्यापर्यंत येते. पहिल्या दिवशी बातम्या आल्या. दुसऱ्या दिवशी तेल संपणार असं आलं. मी पट्टा आणायला बारामतीला गेलो तर दुकानांपुढे रांगा होत्या, आणि रांगेत आपल्याच तालुक्यातली माणसं होती. ज्यांच्या घरात कारखान्याच्या सभासदाची साखर पोत्यानं पडलेली, ते साखर घ्यायला उभे होते. एकजण मला म्हणाला, "मास्तर, तुमी न्हाय घेतली? मग खावा की आता पुस्तकं." परत येताना इंदापूरच्या रस्त्यावर टेम्पोतून गव्हाची पोती चाललेली दिसली. तिसऱ्या दिवशी कुणाच्यातरी फोनवर आलं, की शत्रूच्या विमानांना गावं दिसू नयेत म्हणून आठ-दहा दिवस वीज बंद ठेवणार. हे सरकारकडून आलेलं नव्हतं. पण गावानं त्याचा आपल्या पद्धतीनं अर्थ लावला. वीज नाही म्हणजे गिरणी नाही. म्हणजे घरात आहे तेवढं सगळं आजच दळून घ्यायचं.

तुम्ही असता तर दारात उभं राहून विचारलं असतं, उन्हाळ्यात बाजरीचं पीठ किती दिवस टिकतं? हे इथल्या लहान पोरालाही माहीत आहे. आठ दिवसांत कडू होतं. ज्वारीच्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना चिरत जाते. दाणा वर्षभर राहतो, पीठ राहत नाही. ज्यांचं सगळं आयुष्य दाणे राखण्यात गेलं, ती माणसं घरातला वर्षाचा दाणा घेऊन माझ्या दारात पीठ करायला उभी राहिली. मी एकदोघांना म्हणालो. एक बाई म्हणाली, "कडू तर कडू. पोटात तर जाईल." तिच्या मागून आवाज आला, "तुमच्या तात्याचं इंजान कुठं हाय वो?" मग पाटीवर खडूनं नंबर टाकायला लागलो. डबे बघणं त्या दिवशी बंद झालं.

नानांची नानी या गर्दीच्या पहिल्या दिवशी दुपारी आली. नाना दिवाळीपासून अंथरुणावर होते, उजवी बाजू गेलेली. त्यांना दुसरं काही गिळता येत नव्हतं. ज्वारीच्या पिठाची पातळ आंबील, चमच्यानं, एवढंच जायचं. मूल नाही, दोघंच. त्यासाठी नानी आठवड्याला दोन किलो ज्वारी आणायची, आणि मी ती कुठल्यातरी मोठ्या डब्यामागे टाकायचो. त्या दिवशी तिचा नंबर बासष्ट आला. मी म्हणालो, "नानी, उद्या ये." ती म्हणाली, "येते की. आजच्यापुरतं हाय."

दुसऱ्या दिवशी ती सकाळी येऊन बाकड्यावर बसली. पोत्यांनी भरलेली ट्रॉली वस्तीवरून आली होती, तिच्यावरून भांडण झालं, आणि मी सगळ्यांवर ओरडत होतो. सगळीकडे गहू आणि बाजरी होती. मी तिला म्हणालो, "कुणाची ज्वारी येऊ दे नानी, म्हणजे तिच्या मागं टाकतो. गव्हामागं टाकलं तर मिसळंल." हे खरं होतं. पण दगड झाडून तिचं आधी टाकता आलं असतं, वंजळभर गेलं असतं तर गेलं असतं, हेही खरं होतं. दुपारी दोनला ती उठली. "त्येंच्या तोंडात पाणी घालायचं हाय," म्हणाली आणि डबा तिथंच ठेवून गेली. डबा ठेवला म्हणजे नंबर राहतो असं तिला वाटलं असणार.

त्या संध्याकाळी ती चार घरी गेली, हे मला नंतर कळलं. वाटीभर पीठ उसनं मागायला. आपल्या गावात उसनं पीठ कुणी नाकारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. एका घरात सांगितलं, अजून दळणच आलं नाही. एका घरात घरघंटी होती. तिथे म्हणाले, आमचंच चाललंय. तिसऱ्या घरी दार उघडलं नाही, आत टीव्ही चालू होता. चौथ्या घरातल्या बाईनं बिस्किटांचा पुडा दिला. दुकानात पिठाचे पुडे आदल्या दिवशीच संपलेले. रात्री तिनं ज्वारी पाट्यावर वाटायचा प्रयत्न केला. तिच्या हातांची बोटं वाकडी झाली आहेत, तुम्हाला माहीत नाही, ते नंतरचं.

तिसऱ्या दिवशी ती उजाडताच आली. आठ वाजता गावचा विजेचा डीपी जळाला. विमानांचा काही संबंध नव्हता. सगळ्या गावानं एकदम दळायला, पाणी चढवायला, जे जे करता येईल ते करून ठेवायला घेतलं, म्हणून जळाला. तिचं दळण तेव्हा व्हायचं होतं. मी म्हणालो, "लाईट आली की पहिलं तुझं." ती डबा उचलून घेऊन गेली. वीज दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी आली. नाना सकाळीच गेले होते. इंदापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, वय झालं होतं, आज ना उद्या होणारच होतं. सगळ्यांनी तसंच म्हटलं. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. कुणाला बघायचं कारणही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात गोळीबार थांबला. बातम्यांत दुसरं काही सुरू झालं. गावात घराघरात पिठाचे डबे उघडले जात होते आणि मिटले जात होते. बाजरी कडू झाली होती, गव्हाला जाळी धरली होती. लोकांनी ते पीठ पाण्यात कालवून म्हशींना घातलं. बाकड्यावर बसून एकजण म्हणाला, "औंदा म्हशीला बी युद्ध लागलं. चपात्याच खायच्या राहिल्या तिच्या." हसले सगळे. त्यांच्यात मीही हसलो.

बाराव्या दिवशी नानी आली. तेराव्याच्या जेवणाचे गहू भावकीनं दिले होते, ते पुतण्यानं डोक्यावरून आणले. तिच्या हातात तोच डबा होता, तीच ज्वारी. मी डबा बघितला. तीच बोलली.

"ही बी दळून दे. आता मला एकटीला लई दिस पुरंल."

"नानी, त्या दिवशी..."

"तू काय करनार? लाईटच न्हवती."

"काही खाल्लं का त्यांनी?"

"बिस्कुट दिलं पाण्यात कालवून. थुकलं. गोड नगं म्हनले." ती डब्याचं झाकण काढत होती, ते निघत नव्हतं. मी काढून दिलं. "आंबील मागत व्हते. मी म्हनलं, दळण गिरणीत हाय. कुठल्या गिरणीत म्हनले. म्हनलं, आपल्या तात्याच्या. तर म्हनले, मग यील. आन गप झाले. परत न्हाय मागितलं."

मी दगड थांबवून ब्रशनं झाडला आणि तिची ज्वारी टाकली. किती पीठ दगडात राहिलं ते बघितलं नाही. ती म्हणाली, नंबर नव्हता का रे आज. मी म्हणालो, आज गर्दी नाही.

तात्या, हे पत्र मी तीनदा लिहायला घेतलं आणि तिन्ही वेळा इथपर्यंत येऊन थांबलो. डीपी जळाला हे खरं आहे. पण ती त्या दिवशी उजाडताना आली तेव्हा शटर अर्धं उघडं होतं आणि दगड आधीपासून फिरत होता. आत आमच्या घरची ज्वारी होती. दोन पोती. आदल्या रात्री बायको म्हणाली होती, साऱ्या गावाचं दळतोस, आपल्या पोरांचं काय? आणि पीठ टिकत नाही हे लोकांना सांगणारा मी, पहाटे पाचला उठून आमची दोन पोती घेऊन बसलो. नानीला आत घेतलं. तिला म्हणालो, बरं झालं आलीस, ज्वारीच चाललीय, हिच्या मागं लगेच तुझं. तुमचाच नियम. मोठं आधी. ती खूश झाली. आमचं दुसरं पोतं संपत आलं तेव्हा वीज गेली.

पीठ होतं, तात्या. ती डबा उचलून निघाली तेव्हा आमच्या दोन पोत्यांचं गरम पीठ माझ्या पायापाशी होतं. पोत्यांची तोंडंसुद्धा बांधली नव्हती. तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं, मागितलं नाही. ते कुणाचं आहे हे तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तेव्हा माझ्या मनात आठ दिवसांचा हिशेब चालू होता, माणशी किती भाकरी.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही असता, तर तुम्हालाही सांगितलं नसतं.