फुकट चिखलात उतरणारे लोक

रंभाबाई, तुह्या अन् तुह्या नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवून (भाटव्याच्या चांगल्या पायावर, प्लॅस्टरवाल्या नाई) तुहा धाकटा भाऊ निकेश भामरागडकडच्या रानातून लिहितो का मी बरा हावो. भाटव्याचं प्लॅस्टर कवा निघते ते कळव. इथी टॉवर नाई. झाडावर चढलो तं अर्धंच बोलणं होते अन् लाल मुंग्या चावते ते येगळं. तुहा निरोप भेटला, का धानाची रोपं, पऱ्हे, पिवळे पडून राह्यले, आपल्या सावली गावाकडं मजूर भेटत नाई, तू ये. पण शालिकराम भाऊ, ज्याच्या वावरात मी कामाले हावो, तो आपला रोवणा, धानाची लावणी, सरल्याबिगर सोडत नाई.

त्यात पुण्याहून पोट्टे-पोट्ट्यांची एक टोळी आली, रोवणा करू लागाले. मजुरी घेत नाई म्हणे. मी भाऊले इचारलो, "तुमचे कोण लागते?" तं म्हणे, "कोणी नाई." "मंग काऊन आले?" "शिकाले." बाई, चिखलात उभं राहाले कोणी पुण्याहून येते का? माह्या मनात तवाच पाल चुकचुकली. जेवल्यावर आपली ताटली आपण घासते, हे तं लयच वाईट लक्षण. त्यातली दिव्यानी नावाची पोरगी बाटलीत माती-पाणी हालवून उजेडात धरून पाहे. राजुऱ्याकडं कोळशाच्या खाणीसाठी पहिले माती नेते, मंग मशीन येते, मंग गाव हालते, हे तुले मी सांगाव का? मी धक्का मारून तिची बाटली सांडवली तं तीच "सॉरी दादा" म्हणे अन् पुन्हा भरे.

म्हणून मी काम सोडून धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसलो, पाळत ठेवाले. तिथंच चुकलं. मी त्याईच्या तोंडाकडं पाहून राह्यलो अन् हात पाह्यलेच नाई. त्याईनं पऱ्हे असे वरवर खोचले का सांजवेळी बांधीतले, त्या बांध घातलेल्या तुकड्यातले, सारे पाण्यावर तरंगून राह्यले. भाऊ मलेच म्हणे, "तू काय बगळे मोजत होता का?" मंग रोज त्याईच्या मांगं मी पुन्हा रोवत गेलो. त्याईचा म्होरक्या राजदीप बाजूले वाकून शिके.

रोवणा सरला त्या दिवशी शेजारचा लालसू, माडिया म्हातारा, त्याईले म्हणे, "इथी हाताचा हात फेडा लागते. तुमचं काम निकेशनं केलं. आता त्याच्या बांधीत कोण जाईन?" मले वाटलं, आता पळते हे. तं राजदीप म्हणे, "दादा, तुमची बांधी कुठे आहे?" मी म्हणलो, "कायले पाह्यजे?"

बाई, तू भोळी हायेस. असे लोक दारात आले तं सातबारा दाखवू नोको, कुठी आंगठा देऊ नोको. भाऊ मले अजून सोडत नाई, आता म्हणे निंदण हाये.

तुहा निकेश

ता. क. हे पत्र ज्यानं हातात देलं तो राजदीपच होय. बाकीचे मांगं जीपमधी असन. पहिले पाणी दे, मंग बांधीत घाल. मूळ दोन बोटांनं दाबाले त्याईले आता येते, तरी पहिल्या ओळीतलं एखादं उपटून पाह्यजो.

दुसरा ता. क. दिव्यानीले खोबरेल तेलाची रिकामी बाटली देजो. तिची माह्या हातून फुटली.

तिसरा ता. क. पाकीट भाताच्या शितानं चिकटवलं हाये. फोडलेलं दिसलं तं माहा संशय खरा. पण ते रोवणा सरल्यावर बोलजो.