सात मिलिमीटरच्या अकरा कड्या

एका साध्या दुपारी आम्ही दोघे गॅलरीत बसून मटार सोलत होतो. माझे यजमान दाणे बोटांत फिरवत होते, मध्येच म्हणाले, "हा बघ, याच्यापेक्षा अर्ध्या मिलिमीटरनं जाड आहे." मी म्हटले, "शिजल्यावर सगळे सारखेच." ते हसले. तेहतीस वर्षे कारखान्यात टर्नर म्हणून लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाची बोटे होती ती. मृत्युपत्राची सुरुवात मटारांनी करू नये हे मला कळते. पण ज्या माणसापायी हा कागद लिहिते आहे, तो आधी दिसावा असे वाटले.

आता रीतसर. मी, खाली सही करणार, वय एकोणसत्तर, कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त, हे माझे शेवटचे इच्छापत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. कोणाच्या सांगण्यावरून नाही, कोणाच्या धाकाने नाही. डोके जागेवर आहे. डॉक्टरीणबाई तसा दाखला देतीलच. पण कालच मी दोन मिलिमीटरचा स्क्रू चिमट्याने पहिल्या खेपेत बसवला, माझ्या मते तोच खरा दाखला. याआधी लिहिलेले सर्व कागद रद्द समजावेत.

कलम एक. राहते घर आणि बँकेतल्या ठेवी माझ्या एकुलत्या एका मुलाला. वडील गेल्यावर पाचव्या दिवशी त्याने कपाटावरचे पुठ्ठ्याचे तुकडे रद्दीत घातले. मी विचारले तर म्हणाला, "आई, कचरा होता गं तो." त्या प्रत्येक तुकड्यावर वडिलांच्या हातचे पेन्सिलीचे आकडे होते. घर त्याचे आहे म्हणून त्याला देते आहे. क्षमा हा वेगळा विषय आहे आणि तो या कागदात नाही.

कलम दोन. माझी कंपासपेटी, गुण्या आणि रेखाटनाची पेने मी शिकले त्या कॉन्व्हेंट शाळेला. भूमितीच्या सिस्टर म्हणायच्या, "चुकीचा आकडा दिसला की खोड. मुकाट्याने पुढे गेलीस तर चूक तुझी." सिस्टर आता नाहीत. एक आकडा मी मुकाट्याने लिहिला, तो पुढे येईल.

कलम तीन. हे कलम लांब आहे. वकिलांनी कंटाळू नये.

यजमान आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे दीर, यांची मिळून एक जीप होती. यजमान पाय मोडून इस्पितळात असताना दिरांनी ती परस्पर भंगारात काढली. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोललेले नाही, याला एकवीस वर्षे झाली. यजमान बोलत राहिले. "भाऊ आहे गं, जाऊ दे."

निवृत्तीनंतर आम्ही तीच जीप एक-दशांश मापात बांधायला घेतली. काचेच्या कपाटात ठेवायची नव्हे, तर रिमोटवर दगडधोंड्यांवरून सावकाश चढणारी, जिला रॉक क्रॉलर म्हणतात तशी. या कामात बांधणीपेक्षा आखणी मोठी. टायर ठरला की मडगार्ड किती कापायचे ते ठरते. पुढच्या-मागच्या चाकांच्या अ‍ॅक्सलमधले अंतर ठरले की चाकांपर्यंत गती नेणाऱ्या दांड्याची, म्हणजे शाफ्टची, लांबी ठरते. बॅटरी पुढे आणि खाली हवी, नाहीतर चढावर गाडी उताणी पडते. एक चुकले की पुढची दहा चुकतात. म्हणून यजमानांचा नियम होता: आधी कागद, मग पुठ्ठा, मग खरेदी. कागद माझा, पुठ्ठा त्यांचा.

पण माप घ्यायला जीप कुठे होती? बाजूने पूर्ण दिसेल असा एकच फोटो उरला होता, आणि त्यात गाडीला टेकून दीर उभे. त्यांच्या उंचीवरून मी सगळी मापे काढली. उंची मला पाठ होती, पाच फूट नऊ इंच. अग्निशमन दलातल्या नोकरीचा त्यांचा अर्ज मीच लिहून दिला होता, माझे अक्षर चांगले म्हणून. उंचीच्या रकान्याशी मी थांबून वर पाहिले होते. "लिहा हो वहिनी, कोण मोजतंय!" ते म्हणाले. मी लिहिले.

त्या उंचीवरून दोन अ‍ॅक्सलमधले अंतर दोनशे एकोणपन्नास मिलिमीटर आले. तयार शाफ्ट मिळत ते दोनशे बेचाळीसच्या गाडीचे. मागचा शाफ्ट सात मिलिमीटर तोकडा पडे. यजमानांनी ओळखीच्या वर्कशॉपात जाऊन फट भरायला तेवढ्या जाडीची पितळेची कडी लेथवर काढली. गाडी चार दगड चढली की कडी हले, शाफ्ट निसटे. त्यांनी दुसरी काढली. मग तिसरी. अशा अकरा.

अकरावी हलली तेव्हा ते दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून बसले.

"माझा हात गेला गं."

"वयानं होतं थोडंफार."

"वयानं केस जातात. टर्नरचा हात गेला की राहिलं काय?"

त्यानंतर ते वर्कशॉपकडे फिरकले नाहीत. दोन वर्षांपूर्वी गेले.

गेल्या महिन्यात माझ्या जाऊबाईंचा, म्हणजे दिरांच्या पत्नीचा, फोन आला. त्या नवऱ्याच्या नकळत अधूनमधून करतात. दिरांसाठी घेतलेली पँट लांब झाली, असे सांगत होत्या. "पाच फूट सात इंचांच्या माणसाला किती लांब लागणार, ताई?"

"पाच-नऊ ना?"

त्या इतक्या हसल्या की फोन दूर धरावा लागला. "कसले पाच-नऊ! लग्नाआधी मलाही हेच सांगितलं होतं. उंच टाचांचे बूट काढल्यावर कळलं."

फोन ठेवून मी मापांची वही उघडली आणि आकडेमोड नव्याने केली. अंतर आले दोनशे बेचाळीस. तयार शाफ्ट जसाच्या तसा बसणार होता. कडीची गरजच नव्हती; जोड देऊन लांबवलेला शाफ्ट दगडांवर टिकणारच नव्हता, कडी कितीही अचूक असली तरी. मग जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊन मी अकराही कड्या मोजल्या. प्रत्येक सात मिलिमीटर, केसाचाही फरक नाही. त्यांचा हात गेला नव्हता. एका माणसाची फुशारकी आणि माझे सुवाच्य अक्षर, या दोहोंनी मिळून तो घालवला.

कलम चार. अर्धी बांधलेली गाडी, न वापरलेले भाग, त्रेसष्ट भागांच्या यादीची वही आणि तो फोटो माझ्या दिरांना. होय, त्यांनाच. मोडीत त्यांनी काढली, उभी त्यांनी करावी. ती जीप डाव्या अंगाला किती झुकायची हे सांगणारा दुसरा जिवंत माणूस उरलेला नाही, ही माझी नाइलाजाची गोष्ट आहे. याला समेट म्हणू नये.

अट अशी की काम सुरू करण्यापूर्वी त्यांनी अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहावे, जाऊबाईंनी माप घ्यावे, आणि तो आकडा दिरांनी वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहावा. नकार दिल्यास सर्व वस्तू जाऊबाईंच्या.

रिमोट कोणत्याही परिस्थितीत जाऊबाईंनाच.

अकरा कड्या वर्कशॉपच्या मालकांना. तिथे लेथवर नवीन माणूस उभा राहील तेव्हा एक कडी त्याच्या तळहातावर ठेवावी आणि सांगावे, सात मिलिमीटर असे असतात. कोणी काढली असे त्याने विचारले, तर माझ्या यजमानांचे पूर्ण नाव सांगावे.

वरील मजकूर मी दोनदा वाचला. खाडाखोड नाही.

(सही) लिहून देणार

आम्हा दोघींसमोर बाईंनी सही केली. त्या वेळी त्या पूर्ण शुद्धीत होत्या.

साक्षीदार १: (सही) कुटुंबाच्या डॉक्टर
साक्षीदार २: (सही) तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२३