रखमाजीचं ऑलरेडी

पौष शु. ४, शके १८२९. वारूळवाडी
आजही तेच. बंधाऱ्यावर गेले, पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकरी रखमाजीला विचारलं, माझ्या गव्हाच्या पाण्याची पाळी कधी? मान वर न करता म्हणाला, "ऑलरेडी." मागल्या पाळीलाही हेच. एक उन्हाळा सायबाच्या हाताखाली काय राबला, तोंडात विंग्रजी घेऊनच आला. मला वाटलं, 'येईल, जा' असं म्हणत असंल. दोन्ही वेळा मुकाट घरी आले. गहू पिवळा पडाय लागलाय. धनी म्हणतात, देईल की, कशाला तोंड घालतीस? गव्हाला तोंड न्हाई, म्हणून मला घालावं लागतं.

शु. ५
नारायणगावला हिराशेठच्या दुकानी. कापडासाठी मुंबईला जातो, त्याला विंग्रजी येतं. ऑलरेडी म्हंजे काय? शेठ म्हणाला, "तुमी मला जेवायला बोलावलं, अन् मी आधीच जेवून बसलोय, तर म्हणायचं ऑलरेडी. विचारायच्या आधीच उरकलेलं."
उद्या उरकणार असंल तर?
"मग न्हाई चालत."
अर्धं झालं असंल तर?
"तरी न्हाई, बाई."
म्हंजे रखमा म्हणतोय, पाणी देऊन झालं! दोन्ही पाळ्यांचं! अन् वावराला हात जाईल एवढ्या भेगा. पातळ घ्यायचं व्हतं, तशीच उठले.

शु. ६
पाण्याचा वाद पडला की पाच जणांनी वावरात अनवाणी चालायचं, ओल का कोरडं ते तळव्याला कळतं, ही गावची रीत. पाच जण नेले. रखमालाही पायताण काढाय लावलं. निम्म्यात वाळलं ढेकूळ टोचलं, टाच धरून खाली बसला.
म्हटलं, "काय रं, चिखलात पाय रुतला का? का ऑलरेडी रुतून झाला?"
पाचही हसले. म्हातारे दाजीबा तर बांधावर टेकले.
"वहिनी, एवढ्यांच्या समोर नको."
एवढ्यांच्याच समोर. दुपारी पाणी माझ्या वावरात.

शु. ७
भिजलं सगळं. सकाळभर चिखलात उभी, पाय काढावासा वाटंना. जाऊबाई म्हणाली, भाकरी वाढू? म्हटलं, ऑलरेडी जेवले. आधी खरंच जेवले, मग म्हटलं. शब्दात खोट न्हाई, खोट रखमात.

शु. ८
रखमा दारात. झालं गेलं इसरा वहिनी, सुगीला माझी पेंढी तेवढी ठेवा. पाटकऱ्याची पेंढी दर वावराला ठरलेली, न्हाई म्हणत न्हाई मी. पण दोन पाळ्यांचं पाणी नदीत तर परत गेलं न्हाई. कुणाच्या वावरात गेलं? त्यानं आधी मागं वळून रस्ता बघितला, मग दाराआड सरकला. कुणी तरी मोठा आहे मागं, त्याबिगर इतका भ्याला नसता. धनी आतून खोकले, म्हंजे गप बस. बसले न्हाई. सांगून टाकलं, पेंढी पाहिजे तर नाव पाहिजे. चावडीवर, त्याच पाच जणांसमोर, अन् मराठीत. एकादशीला सकाळी, चावडीच्या पायरीवर ऊन यायच्या आत.